गाढवाच्या हाताची चार बोटं

गाढवाच्या हाताला बोटं किती असावीत, यावरून आमच्या घरात एकदा चूल पेटली नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसावंच. गाढवाला मुळात हात कुठून आले, असंही विचारतात. पण हे गाढव कोट घालायचं, डोक्याला साहेबाची टोपी लावायचं, मागच्या दोन पायांवर चालायचं आणि हातात पांढरे मोजे घालायचं. ते राहायचं इंग्रजी वर्तमानपत्रात. आमच्या घरी यायचं ते किराण्याच्या पुडीवर बसून.

उंद्रीला आमचा भाजीपाल्याचा मळा होता. बाबा वांगी-मिरच्यांची गाडी भरून खामगावच्या बाजाराला जायचे आणि परत येताना गावातल्या दुकानदाराचा माल घेऊन यायचे. मालाबरोबर रद्दीचा गठ्ठा असायचा. त्यात इंग्रजी कागद जास्त, कारण तो जाड असतो आणि साखर गळत नाही, असं दुकानदाराचं मत. इंग्रजीतलं एक अक्षर त्याला येत नव्हतं, तसं ते आम्हालाही येत नव्हतं. तो ते कागद मांडीवर धरून टराटरा फाडायचा आणि चौकोनी तुकड्यांची चळत लावून ठेवायचा. चित्र कुठं सुरू होतं आणि कुणाचं डोकं कुठं संपतं, याच्याशी त्याला काय करायचं होतं? गाढवाचं तोंड आमच्या जिऱ्याबरोबर यायचं आणि त्याचे पाय हळकुंडाबरोबर दुसऱ्याच कुणाच्या घरी जायचे.

माय पुडी सोडायला बसली की आम्ही दोघी बहिणी तिच्या अंगावर ओणव्या.

"अवं, सरका ना बापा. सांडन ना माही साखर."

"आधी कागद दे, माय."

"गाढवापुढं वाचली गीता म्हणतेत. तुमी दोघी तं गाढवाचीच गीता वाचून राह्यल्या."

कागद हातात आला की ताई तो पाटावर पसरायची. माझी ही एकुलती एक बहीण, माझ्याहून बरीच मोठी. पितळेच्या तांब्यात निखारे घालून ती तो तांब्या कागदावरून फिरवायची, म्हणजे सुरकुत्या जायच्या. बाबांच्या सदऱ्याला कधी अशी इस्त्री झाली नाही, असं माय म्हणायची. मग आम्ही बघायचो की आज काय मिळालं. कधी गाढव नुसतं कंबरेपर्यंत, तर कधी त्याच्या शेजारचा ढेऱ्या साहेब, छत्रीसकट पण बिनडोक्याचा. त्यांच्या तोंडातून ढगासारखं काहीतरी निघायचं आणि त्या ढगात इंग्रजी अक्षरं असायची. ती बोलणी आहेत हे ताईनंच ओळखलं, आणि काय बोलणी आहेत तेही तीच सांगायची. साहेब म्हणे, 'काऊन बे, माही छत्री कुठं हाय?' गाढव म्हणे, 'तुमच्याच बगलेत हाय, सायेब, पाह्यता काऊन नाई?' मी हसून हसून लोळायची.

पुरं गाढव आम्हाला कधीच मिळालं नाही. तुटक्या कागदापुढचा भाग ताई आपल्या मनानं जोडायची, आणि जोडता जोडता तिला त्याची कळ सापडली. सकाळी जमीन सारवली की ती वाळायच्या आत तिथं बसून बोटानं काढायची. मला आपली कानापासून सुरुवात करायची सवय. मग ते कान जायचे आभाळात, बाकीच्या गाढवाला जागाच उरायची नाही, आणि जे उरायचं ते मेलेल्या शेळीसारखं दिसायचं.

"डोस्कं नोको काढू वं," ताई म्हणायची. "भाकर काढ पयले. आता त्या भाकरीले वांगं चिकटव, आडवं. देठ भाकरीकडं."

भाकर म्हणजे डोकं, वांगं म्हणजे तोंड, गाडगं म्हणजे पोट, आणि हातपाय म्हणजे बैलाचं दावं, कुठंही वळवा. डोळे भाकरीच्या मधोमध ठेवले तर ते गाढव शहाणं दिसतं. वांग्याच्या अगदी मुळाशी, एकमेकांना चिकटवून ठेवले की बावळट दिसतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसरी इयत्ता झाल्यावर तिची शाळा सुटली होती. आमच्या आळीत कुणाकडं लग्न असो, दारावरचा गणपती आणि मोर तीच काढायची, आणि आश्विनात मुलांच्या आयुष्यासाठी आठवी पुजतात तेव्हा भिंतीवरचं आठवीचं चित्रही तीच काढायची. बाया तिला हळदीकुंकवाला आधी बोलवायच्या. हात चांगला आहे पोरीचा, म्हणायच्या.

गाढवाच्या मोज्याला चारच बोटं आहेत, हे मात्र मी शोधलं. मोठा शोध लागल्यासारखी मी ओरडत गेले.

"पाच काढून पाह्य," ताई म्हणाली.

मी काढली. हात मुळ्याच्या जुडीसारखा झाला.

"पाह्यलं? तो हात लहान हाय, त्यात पाच मावत नाई. चारच शोभते त्याले." एवढं बोलून तिनं पुढचं गाढव काढायला घेतलं.

मग तिचं लग्न झालं आणि ती दुसरबीडला गेली. घर चांगलं होतं, शेती होती, भाऊजी गरीब स्वभावाचे होते. मी इकडं पुड्या जमवत राहिले. वर्षा-दीड वर्षानं तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात बाबा तिला घेऊन आले, कारण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. मायनं मागची खोली तिच्यासाठी तयार केली. भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, खाट टाकली आणि समोर बाळकृष्णाचं चित्र लावलं. पोटुशी बाई जे बघते तसं लेकरू होतं, म्हणून चांगलं रूप डोळ्यांपुढं ठेवायचं. ते चित्र मायनं मुद्दाम खामगावहून मागवलं होतं.

मी जमवलेल्या पुड्या ताईपुढं ओतल्या. तिनं एकेक बघितली. मग खोलीची ती कोरी पांढरी भिंत बघितली आणि म्हणाली, "कोळसा आण."

काही दिवसांत ती भिंत भरली. गाढव निघालंय, त्याच्या मागं साहेब छत्री घेऊन, साहेबामागं एक हडकुळं कुत्रं. पुढं गाढव विहिरीत वाकून बघतंय. पुढं साहेबच विहिरीत आणि गाढव त्याला छत्रीनं ओढतंय. गेरूनं कोट रंगवले. तिची गाढवं चालायची, खरं सांगते. एक पाय उचललेला असायचा आणि अंगाचा सगळा भार दुसऱ्या पायावर. माय कामाच्या निमित्तानं येऊन बघून जायची. बाबा दारातूनच बघायचे आणि मिशीत हसायचे.

ताई पोटावर हात ठेवून खाटेवर बसायची. "आपल्याले अर्धच गाढव भेटलं ना वं," ती एकदा म्हणाली. "याले मी पुरं दाखवीन. पयल्यापासून शेवटपर्यंत, एकई तुकडा न फाटता. मोठं होऊ दे, दुसरबीडची एक भिंत मागून घेईन मी."

तिला आयुष्यात दुसरं काही मागताना मी ऐकलेलं नाही.

महिनाभरानं तिची सासू ओटी घेऊन आली. आमचा मान वाढला, मायनं पुरण घातलं. सासूबाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कमी. त्यांची बोली जालन्याकडची, आमच्या 'मले', 'तुले' ला त्या जरा हसायच्या. जेवणं झाली आणि माय हौसेनं त्यांना खोली दाखवायला घेऊन गेली. मी मागं होते. सासूबाई बाळकृष्णापुढं हात जोडून वळल्या आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. आवडलं, असं मला वाटलं.

मग त्या जवळ गेल्या आणि गाढवाच्या हातावर आपलं बोट ठेवलं.

"हे काय?"

"गाढव हाय, इहीनबाई," माय हसत म्हणाली. "पोरीचे खेळ."

"ते दिसतंय मला. बोटं किती हायत?"

मायला काही कळेना. सासूबाईंनी पुढच्या गाढवाचा हात मोजला, मग साहेबाचा. साऱ्या भिंतीवर एकही हात पुरा नव्हता.

"बाळकृष्ण एका बाजूला आन सगळी थोटी एका बाजूला," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनंला रातध्याड हे बघायला बसवलं तुम्ही?"

मायचा चेहरा उतरला. ग्रहणात भाजी चिरली म्हणून कुणाच्या पोराचा ओठ फाटला, अशा गोष्टी तिनंही आयुष्यभर ऐकल्या होत्या. नुसत्या ऐकल्या नव्हत्या, मानल्या होत्या. तिच्या डोक्यात हे आलं कसं नाही, याचाच तिला धक्का बसला असावा. इंग्रजी कागदावरचं चित्र, त्याला आपले नियम लागतात असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"आत्ता नीट करते," माय म्हणाली. "बाई, काढ वं ते पाचवं बोट. एकेका हाताले काढ."

ताई उठली. तिनं कोळसा घेतला आणि एकेका हाताला पाचवं बोट काढत गेली. मी बघत होते. एकेक गाढव तिच्या हातानं बिघडत गेलं, मोजे फुगले, हात मुळ्याच्या जुड्या झाले. शेवटचा हात झाला आणि ती कोळसा धरून तशीच उभी राहिली.

सासूबाईंनी सगळं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे कमी होतं, हे तुम्हालाबी ठाऊक होतं."

संध्याकाळी बाबा मळ्यातून आले. त्यांनी हात जोडले, पहिलं बाळंतपण आमच्याकडचं, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाले. आत्याबाई शेजारूनच आली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणे मी तं कवाच म्हणत होती. ती कधीच काही म्हणाली नव्हती, उलट कुत्र्याला शेपूट लांब काढ म्हणून सांगून गेली होती. सासूबाईंचं एकच, आम्ही आमची सून नेतो. ताईला कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. सकाळी बाबांनी गाडीत गवताची गादी केली, चिखलीपर्यंत पोचवलं आणि तिथून सासूबाईंनी तिला मोटारीनं नेलं. आठव्या महिन्यातली पोर त्या खाचखळग्यांतून कशी गेली असेल, या काळजीनं माय पुढं कितीतरी दिवस देवाजवळ बसून होती. बाबांनी परत आल्यावर पांढरी माती कालवली आणि भिंत पोतारून टाकली.

मुलगा झाला. सुखरूप, हाताला पाच, पायाला पाच. निरोप घेऊन आलेल्या माणसाबरोबर सासूबाईंनी एवढंच कळवलं होतं की वेळेवर नेलं म्हणून निभावलं. मला इतका राग आला की मी पाटी आपटली. चार बोटांच्या गाढवाखाली पाच बोटांचं पोर झालं असतं तर आम्ही खरे ठरलो असतो. आता ते कधीच ठरणार नव्हतं. त्या नेऊन जिंकल्या होत्या.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई बाळ घेऊन माहेरी आली. मी वाटच बघत होते. माझ्याजवळ नव्या पुड्या साठल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर तर गाढव घोट्यापर्यंत आलं होतं, नुसते खूर तेवढे नव्हते. मी तांब्यात निखारे घालून आणले. ताईनं कागद हातात घेतला, बघितला आणि माझ्याकडं परत दिला.

"तू काढ."

"काऊन? सासूबाई नोको म्हणते? त्या काय इथं पाहाले येऊन राह्यल्या?"

"त्या काई म्हणत नाई." बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. ती त्याची मूठ उघडत होती, मिटवत होती. "त्यायचं पयलं पोरगं होतं म्हणे. हाताची बोटं जुळलेली. चार महिन्यांत गेलं. सारं गाव त्यायलेच पुसे, तू काय पाह्यलं होतं, काय खाल्लं होतं. मले न्हाऊ घालता घालता सांगितलं त्यायनं."

राग गेला असं नाही. पण तो आता ठेवायचा कुणावर, ते कळेना.

"पण बोटं तं चांगले आहेत ना याचे?" मी म्हटलं. "मंग आता कायचं भेव?"

"मोजले कोनं, माईत हाय?" ती म्हणाली. "सासूबाईनं नाई मोजले वं. मी मोजले. पोरगं का पोरगी, तेई इचारलं नाई. सुईणीले म्हटलं, हात दाखव पयले. रडून राह्यलं होतं ते, आन मी बोटं मोजून राह्यली होती."

ती रडली नाही. मीच रडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता कोळसा घेतला हाती का तेच आठवते मले. तू काढ. तुले अजून भेव नाई."

त्यानंतर तिनं काही काढलं नाही. लग्नातले मोर नाहीत, आठवी नाही. आठवीला शेजारची बाई येऊन चित्र काढून जायची. उंबऱ्याशी दोन रेघा आणि स्वस्तिक, एवढीच तिची रांगोळी उरली.

मी शिकले. बाबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझं शिक्षण मोडलं नाही. मी मास्तरीण झाले आणि बुलडाण्याला मुलींना शिकवू लागले. भिंतीवर मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा नकाशा, आणि त्याच्या शेजारी माझ्या फळ्यावर कोट घातलेलं गाढव. गणित त्याच्या तोंडून सांगितलं की पोरींना समजायचं. पुण्याकडून आलेल्या आमच्या हेडबाई माझं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या, पण गाढव बघायला मात्र वर्गात डोकवायच्या. फार छान हात आहे तुमचा, म्हणायच्या. मला ते शब्द लागायचे. माझं गाढव नुसतं उभं राहतं. भाकर, वांगं, गाडगं, दावं, सगळं जागच्या जागी, पण ते चालत नाही. मी वर्षानुवर्षं प्रयत्न केला. जो हात छान होता तो दुसरबीडला भाकरी थापत होता, आणि कौतुक मला मिळत होतं. मला याचं फार वाईट वाटतं. तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं, आणि त्यावर काही औषध नाही.

एकदा दिवाळीच्या सुटीत दुसरबीडला गेले. सासूबाई वारल्या होत्या. थोरला मुलगा भाऊजींबरोबर शेतावर गेलेला, घरात ताई आणि तिची धाकटी मुलगी. पोट्टी मोठी चुणचुणीत. पाटी घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसली. "मावशी, तुमी शाळेत गाढव काढता म्हणे. मले काढून दाखवा ना."

मी काढलं. ती पाटीवर ओणवून बघत होती. भाकर आली, वांगं आलं. डोळे वांग्याच्या मुळाशी आले तशी ती खुदकन हसली. ताई चुलीपुढं पीठ मळत होती, पाठ आमच्याकडं. हातांपाशी येऊन मी थांबले. मग दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"तुमाले कोनं शिकवलं, मावशी?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. "तुया मायनं," मी म्हटलं. "तिच्यासारखं गाढव साऱ्या जिल्ह्यात कोणाले येत नव्हतं. चालणारं गाढव काढे ती."

पोट्टीनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या पाठीकडं बघितलं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "मायले? मायले तं साधी चिमणी येत नाई, मावशी. मी म्हटलं होतं एक डाव, चिमणी काढून दे, तं म्हणे मले काई येत नाई. हो ना वं, माय?"

ताईनं पिठाचा गोळा हातावर घेतला.

"हाव," ती म्हणाली. "मावशी थट्टा करून राह्यली तुयी." आणि भाकर थापायला लागली.